अश्वगंधा गमीज: बंदी, बंधनं की मोकळं रान?

विश्रामबागकर:
आमच्या भागातल्या अभ्यासिकेत हल्ली पाण्याच्या बाटलीशेजारी अश्वगंधा गमीजची, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्यांची, डबी असतेच. एमपीएससीची तारीख पुढं गेली की टेन्शन, टेन्शन आलं की गमी. डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधावर सरळ बंदी घातली. थायरॉइड, लैंगिक संप्रेरकं आणि गर्भपाताचा धोका, ही कारणं तिथल्या तांत्रिक विद्यापीठाच्या २०२० च्या अहवालात होती. आपल्या आयुष मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना कळवलं की पानं नकोत, मूळच वापरा. बंदी मलाही नको. पण परवाना खाद्यपदार्थाचा घ्यायचा, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर छापायचा आणि जाहिरात मात्र चिंतेवरच्या औषधाची करायची, हे सरकारनं थांबवावं. औषध म्हणून विकताय ना, मग औषधाचा परवाना घ्या.

हरिपूरचं पेव:
झालं, डेन्मार्कनं सांगितलं म्हणून आपण घाबरायचं! आमच्या घरात तीन पिढ्या दुधातून आस्कंद, म्हणजे हीच अश्वगंधा, घेतायत, कुणाला काही झालं नाही. उद्या हळदीवर पण चिठ्ठी मागाल.

मिरजेचा वैद्य:
पेवसाहेब, तुमच्या घरात घेतात ते मुळाचं चूर्ण. त्याची मात्रा आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे सरकारी औषधसंहितेत, ३ ते ६ ग्रॅम दिलीय. गमीत असतो अर्क. मूळ खणायचं, धुवायचं, वाळवायचं, जाडीप्रमाणं निवडायचं. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारात त्याला प्रतीनुसार भाव. पानं त्यामानानं कवडीमोल. पानातूनही विथानोलाइड, म्हणजे अश्वगंधाचे मुख्य घटक, निघतात, म्हणून पानं मिसळली तरी डबीवरचा त्यांचा टक्का झकास दिसतो. पण पानात विथाफेरिन ए हा त्यातलाच एक घटक जास्त, आणि ते पेशींना घातक ठरू शकतं. मुळावरही डोळे झाकून विश्वास नको. केरळातल्या यकृततज्ज्ञांनी २०२३ मध्ये नुसती अश्वगंधा घेऊन कावीळ झालेल्या रुग्णांची नोंद छापलीय. 'नैसर्गिक आहे' हे उत्तर पेशंटला देऊन भागत नाही.

सासर सातारा:
माझी नणंद थायरॉइडची गोळी घेते. झोप लागावी म्हणून कुणीतरी गमीज सुचवल्या. पुढं छातीत धडधड, हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, "गोळीशिवाय काय घेता?" तर म्हणते, "काहीच नाही." तिच्या लेखी ते औषधच नव्हतं! पर्स उलटी केल्यावर डबी निघाली. थायरॉइडवाल्यांनी विचारून घ्या, एवढी ओळ मोठ्या अक्षरात छापायला काय जातंय?

कृष्णाकाठ:
सगळं खरं. आता आमचंही ऐका. सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकलं की आईची झोप उडते, २०१९ च्या महापुरापासून दर पावसाळ्यात. गावात मानसोपचारवाला डॉक्टर नाही. मिरजेला जायचं तर एक रोजगार बुडतो. रात्री चमचाभर चूर्ण दुधातून घेते, तिला बरं वाटतं. निर्बंध आले की ते महाग होणार किंवा मिळायचं बंद होणार. मग माणसं चिंतेवरच्या अल्प्राझोलाम गोळीकडं वळतील. ती तर २०१४ पासून शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या औषधयादीत आहे, चिठ्ठीशिवाय देऊ नये, नोंद तीन वर्षं ठेवावी. प्रत्यक्षात? कात्रीनं पट्टी कापून हातात ठेवणारे आहेत की ओ!

मेडिकलवाला:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझ्या काउंटरवर ती वही आहे, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या, सगळं लिहितो. कडक नियम आला की औषध निरीक्षक येणार माझ्याच दुकानात. गमीज येतात कुरिअरनं, परराज्यातून. त्यांचा नमुना कोण उचलणार?

हरिपूरचं पेव:
हेच तर म्हणतोय! नियमाचा दंडुका बसतो तो जवळच्या माणसाला.

विश्रामबागकर:
चूर्णाला कुणी हात लावत नाहीये, पेव. अर्क, मूळ की पान, किती मिलिग्रॅम, गरोदर बाईनं घेऊ नये, एवढं डबीवर हवं. आणि कुरिअरनं येतंय म्हणून नियमच नको, हे कुठलं गणित? ज्या साइटवर विकलं जातं तिलाच जबाबदार धरा. कृष्णाकाठ, आईंसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ठेवा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कृष्णाकाठ:
नंबर लिहून घेतला. लावून बघतो. पण चूर्ण बंद करणार नाही.

मिरजेचा वैद्य:
करू नका. फक्त बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि यकृताची तपासणी एकदा करून घ्या.