शब्दचर्चा : डच चित्रांतलं घर आणि आपलं 'माजघर'

प्रश्न : योझेफ इस्राएल्स (१८२४–१९११) या डच चित्रकारावर मराठीत लिहितो आहे. घरातल्या दृश्याच्या चित्राला डच लोक 'बिननहाउस' म्हणतात. बिनन म्हणजे आत, हाउस म्हणजे घर. मराठीत 'अंतर्गृह' म्हणू की 'माजघर'? आणि चित्रातल्या शांततेला 'निवांत' चालेल?

उत्तर : 'अंतर्गृह' नको, त्याने गाभारा डोळ्यांपुढे येतो. 'माजघर' शब्द मलाही फार आवडतो, पण इथे तो बसत नाही. माजघर म्हटलं की पुढे ओटी आणि मागे स्वयंपाकघर आलंच. सतराव्या शतकातल्या पीटर द होखच्या चित्रांना तो शोभेल. तिथे एका दारातून दुसरी खोली आणि तिच्यापलीकडे अंगण दिसतं. इस्राएल्सचं घर तसं नाही. १८५५मध्ये प्रकृती सुधारायला तो झांडफोर्ट या समुद्रकाठच्या गावी गेला, कोळ्यांचं जगणं त्याने जवळून पाहिलं आणि हळूहळू ऐतिहासिक विषय मागे पडले. मग रंगवली ती गरिबांची घरं : तिथेच चूल, तिथेच टेबल, तिथेच पाळणा. त्याला माजघर म्हटलं तर चार खणांचं घर त्यांच्या पदरात टाकल्यासारखं होईल. सरळ 'घरातलं चित्र' लिहा.

'निवांत'बद्दलही माझी हरकत आहे. कामं उरकली, कसली घाई नाही, तेव्हा माणूस निवांत बसतो. इस्राएल्सचं १८८२चं, जेवायला बसलेल्या शेतकरी कुटुंबाचं चित्र बघा. अंधारी खोली, सगळे टेबलाभोवती. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगला इस्राएल्सबद्दल फार आदर होता आणि व्हॅन गॉगच्या १८८५च्या 'बटाटे खाणारे' या चित्रामागे हे चित्र आहेच. ही माणसं दमलेली आहेत. 'निमूट' म्हणावं तर कोणाच्या तरी धाकात असल्यासारखी वाटतील. मी 'अबोल' लिहीन.

प्रश्न : पटलं. पण या चित्रांत बायकांच्या पायांखाली भोकांची लाकडी पेटी असते, तिला काय म्हणू?

उत्तर : ती 'स्टोफ'. आत मातीच्या भांड्यात धुमसतं पीट, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेलं इंधन. ऊब वरच्या भोकांतून पायांना लागते. नुसतं 'शेगडी' लिहिलंत तर वाचक वर चहाचं आधण ठेवेल. बाळंतिणीच्या खाटेखाली शेकासाठी शेगडी ठेवत, तो अर्थ जुन्या माणसांना आठवेलही, पण सगळ्यांना नाही. 'पायशेगडी' करा आणि पहिल्यांदा येईल तिथे आत काय असतं ते सांगून टाका.