आईबाबा अलिबागहून कोल्हापुरात येतायत: घरी काय करू, बाहेर कुठे नेऊ?

वरसोलीची_लेक

नमस्कार मंडळी. बदली होऊन कोल्हापुरात आले, आता इथे बऱ्यापैकी रुळलेय. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबा अलिबागहून राहायला येतायत, इकडे पहिल्यांदाच. दोघंही पक्के मासेखाऊ. बाबांना मटण चालतं, पण हॉटेलात पैसे घालवण्यापेक्षा घरी दोन भाकऱ्या थापलेल्या बऱ्या असं त्यांचं मत. आईचं बरोबर उलटं. जन्मभर ओट्यापाशी उभी राहिली, त्यामुळे कुणीतरी आयतं वाढलेलं ताट समोर ठेवावं याचं तिला फार अप्रूप. शिवाय पांढरा रस्सा कसा करतात ते तिला इथे येऊन शिकायचंय.

तर इथल्या कोणत्या गोष्टी घरी कराव्यात आणि कोणत्या बाहेरच खाव्यात? बाबांना तिखट बेताचंच सोसतं. माझ्याकडे दोन शेगड्या, कुकर, एक जाड बुडाचं पातेलं आणि मिक्सर एवढंच आहे. पांढऱ्या रश्श्याच्या व्हिडिओंत प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि तो फुटतो म्हणतात म्हणून अजून हात घातला नाही. नीट सांगाल का?

उद्यमनगरी

ताई, मिसळ बाहेरच. उद्यमनगरात फडतरे, नाहीतर खासबाग, नाहीतर सरळ बावड्याला जावा. सकाळी लवकर पोचा, रविवार शक्यतो टाळा. बाबांना तिखट सोसत नसेल तर दही मागून घ्या आणि कट वेगळा वाटीत द्यायला सांगा. संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर, खासबागेपाशी राजाभाऊंची भेळ. नाद खुळा.

पेठकर_काकू

मंगळवार पेठेत जन्म आणि लग्नही पेठेतच, त्यामुळे मला इथलं घरचं आणि बाहेरचं दोन्ही जवळून माहीत आहे. घरचं चांगलं की बाहेरचं, या वादात मी पडत नाही. काही पदार्थांना मोठं पातेलं लागतं, आणि काहींना खाणारा माणूस चुलीपासून चार हातांवर बसलेला लागतो. पहिले बाहेर खावेत, दुसरे घरी करावेत. मी माझ्या लेकीसुनांनाही हेच सांगत आले.

मिसळ पहिल्यातली. वर सांगितलंय ते बरोबरच आहे, पण का ते सांगते. मिसळीच्या ठिकाणी कटाचं मोठं भांडं पहाटेपासून मंद आचेवर असतं. खोबरं, कांदा, लसूण आणि चटणी त्यात तास-दोन तास शिजत राहतात, मग तेल वर येऊन लाल तर्री धरते. वाढणारा माणूस पळीने खालून रस घेतो आणि वरून तर्री सोडतो, गिऱ्हाईक सांगेल तशी कमीजास्त. घरी चार माणसांच्या पातेल्यात हे साधत नाही. तेल कमी घातलं तर तर्री येत नाही, जास्त घातलं तर सगळा कटच तेलकट होतो. मटकी घरी छान होते, ती उसळ म्हणून खावी. आणि बाबांना आधीच सांगून ठेवा, इथे मिसळीबरोबर ब्रेडचे जाड स्लाइस येतात, लादीपाव नाही. तो ब्रेड कट पितो आणि तरी हातात तुटत नाही.

दुसरी बाहेरची गोष्ट म्हणजे गंगावेशीतला दूधकट्टा. म्हशी तिथेच उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट दूध पेल्यात देतात. राजर्षी शाहू महाराजांनी या गावाला कुस्तीचं वेड लावलं, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी होत्याच. पैलवानाच्या खुराकात दूध आणि मटण दोन्ही. आमचे वडील तालमीतून परत येताना कट्ट्यावर थांबायचे. धारोष्ण दूध सगळ्यांना पचत नाही, तेव्हा बाबांना नको असेल तर नुसतं बघायला न्या. पेल्यावर चढलेला फेस ओठाला लागतो तो कोमट असतो, हे कोकणातल्या माणसाला नवीन वाटेल.

आईंच्या आयत्या ताटाबद्दल. मटणाची थाळी एकदा बाहेर खाच. ओपल, पद्मा, देहाती ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, पेठांतून घरगुती खानावळीही पुष्कळ आहेत. माझी विनंती एवढीच की रविवारी दुपारी नेऊ नका. त्या दिवशी गर्दी इतकी असते की वाढणाऱ्याला तुमच्याकडे बघायलाही सवड नसते. बुधवारी जा, जरा उशिरा. ताटात सुकं, वाटीत खिमा, दोन रस्से, दहीकांदा, भाकरी. रस्सा संपायच्या आत दुसरी वाटी येते. 'वाढू का अजून?' असं कुणीतरी विचारणं, आणि आपण हात आडवा धरला तरी अर्धी वाटी पडणं, आईंना त्याचंच सुख आहे. ते घरी तुम्ही कितीही केलंत तरी मिळणार नाही, कारण घरी त्या उठून तुम्हाला वाढायला लागतील.

आता पांढरा रस्सा. तो मात्र घरचाच. सगळीकडे मिळतो, पण गरम ठेवून ठेवून त्याचा जीव जातो. काही ठिकाणी दाटपणासाठी पीठ लावतात, ते जिभेला लगेच कळतं. पांढरा रस्सा उतरवल्यापासून दहा मिनिटांत प्यायचा असतो.

मटण बोकडाचं, एक किलो. त्यात नळ्या मागून घ्या, रश्श्याला अंगची चव त्यांचीच. धुऊन मीठ आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळा. हळद अगदी चिमूटभर, नाहीतर पांढऱ्याचा पिवळा होतो. मी तर घालतच नाही. जाड पातेल्यात थोड्या तेलावर कांदा मऊ करून मटण परता, वर ताट झाका आणि ताटात पाणी ओता. मटण आपल्याच पाण्यात सुटत जातं आणि ताटातलं पाणी तापतं. तापलं की तेच आत ओतायचं, ताट पुन्हा भरायचं. गार पाणी मटणात कधी घालू नका, ते आकसतं आणि निबर होतं. कुकरला घाईच्या दिवशी हरकत नाही, पण आई शिकायला आल्यात तर ताटावरच्या पाण्यानं करा. मटण शिजलं की वरचं पाणी गाळून घ्या. ही अळणी. घरात लहान मूल असेल तर पहिली वाटी त्याची.

वाटणाला दोन चमचे खसखस, एक चमचा पांढरे तीळ आणि दहा-बारा काजू, सगळं गरम पाण्यात अर्धा तास भिजवून मिक्सरमध्ये गंधासारखं बारीक करा. खसखस भरड राहिली तर रस्सा घशात खरखरतो. एका ओल्या नारळाचं दूध काढा. पहिलं दाट वेगळं, दुसरं पातळ वेगळं. तुपावर दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी, तमालपत्र आणि मधोमध चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या. त्यावर वाटण, आच बारीक, रंग बदलू द्यायचा नाही. मग अर्धी अळणी आणि पातळ दूध घालून एक उकळी काढा. गॅस अगदी मंद करा आणि दाट दूध एका हातानं धार धरून सोडा, दुसऱ्या हातानं पळी फिरवत राहा. कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की बंद. उकळी आली की नारळाचा स्निग्धांश सुटतो आणि रस्सा फुटतो, बाकी फुटायला दुसरं कारण नाही. मीठ चाखून शेवटी घाला, अळणीत आधीच असतं.

राहिलेल्या मटणाचं सुकं करा, आणि उरलेल्या अर्ध्या अळणीचा तांबडा. तांबड्याला आमची कांदालसूण चटणी लागते, ती विकत मिळते. उन्हाळा लागला की घराघरांतून वर्षाची चटणी होते. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, सोबत खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण. तुमची मंडळी येतील तेव्हा डंख, म्हणजे मिरची कुटायच्या गिरण्या, सुरू व्हायला लागलेले असतील. आईंना एखाद्या डंखावर न्या. मिरची कुटताना तो ठसका रस्त्यापर्यंत येतो. बाबांसाठी चटणी निम्मी घाला आणि ताटात पांढरा जास्त वाढा.

भातासाठी आजरा घनसाळ आणा. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा बुटका, पण शिजताना शेजारच्या घरात कळतं. पांढरा रस्सा आणि घनसाळचा भात, बाबा नक्की खूश.

रस्सामंडळ_हडपसर

काकू, वाचूनच भूक लागली. कामधंद्यापायी पुण्यात आहे, पण मूळ कागलचा. एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. सुकं मटण बाहेरचं किंवा रानातलं, घरचं नाही. आमचं रस्सा मंडळ, म्हणजे रानात मटण करून खाणारी मित्रमंडळी, उसाच्या बांधावर बसतं. तीन दगडांची चूल, ऊस तोडून झालेल्या रानातलं पाचट पेटवायला आणि वर लाकडं. त्या जाळावर मटणाला जी चव येते ती गॅसच्या शेगडीवर येणार नाही. ताई, ओळखीतल्या कुणाचं रान असेल तर बाबांना एकदा तिथे न्या. हॉटेलात पैसे घालवायला नको म्हणणारा माणूस रानात पत्रावळी घेऊन सगळ्यांच्या आधी बसतो, हे मी आमच्या मामांचं बघितलंय.

आणि आलेच आहेत तर गुऱ्हाळ बघून जाऊ द्या. कोल्हापूरच्या गुळाचं नाव आहे, २०१४ पासून मानांकनही आहे. फेब्रुवारीत गुऱ्हाळं चालू असतात. काहिलीतला रस घट्ट होत आला की गरम काकवी वाटीत मागा. ओळख लागत नाही, मागितलं की देतात.

कृष्णाकाठ

कोणी नृसिंहवाडीचं नाव काढलं नाही म्हणून लिहितोय. कोल्हापुरातून सकाळी निघालात की दुपारच्या आत दत्तदर्शन होतं. घाटावर कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, वयस्कर माणसांना तिथे बसायला फार बरं वाटतं. बाजारात बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. कवठाची बर्फी आंबटगोड असते, अलिबागच्या पाहुण्यांना वेगळी वाटेल. परत येताना कृष्णाकाठची वांगी दिसली तर उचला, घरी भरली वांगी करा. त्यांना बी कमी आणि साल पातळ, शिजायला वेळ लागत नाही.

वरसोलीची_लेक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आईला काकूंचा रस्सा फोनवर वाचून दाखवला. ताटावर पाणी ठेवायची पद्धत आमच्याकडेही तिच्या आजीची होती म्हणाली, खूप आनंद झाला तिला. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ घेऊन येणार आहे.

दोन शंका. काजू न घालता चालेल का, बाबांना पित्त होतं. आणि मटण कोणत्या दिवशी आणू? मंगळवारी दुपारी पोचतायत, शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी आहे, पण शनिवारी बाबा खात नाहीत.

पेठकर_काकू

काजू नाही घातले तरी अडत नाही. खसखस तीन चमचे करा आणि नारळ मोठा बघून घ्या. रस्सा जरा पातळ होईल, तो तसाच असावा. माझ्या सासूबाई काजू घालतच नव्हत्या.

रविवारी करा. सकाळी आठच्या आत मटणाच्या दुकानात उभ्या राहा, नंतर नळ्या शिल्लक राहत नाहीत. "फऱ्याचं द्या, दोन नळ्या टाका, तुकडे मोठे" एवढंच सांगायचं. शनिवारी संध्याकाळी नारळ, खसखस आणि घनसाळ आणून ठेवा. बुधवारी बाहेरची थाळी, गुरुवारी वाडी, शुक्रवारी सकाळी मिसळ, असं बसतंय बघा. दूधकट्ट्याला कोणत्याही संध्याकाळी जाता येईल.

तो पांढरा कांदा शिजवण्यात घालवू नका. रविवारी ताटात कच्चाच द्या, बुक्कीनं फोडून, वर लिंबू. आणि शक्य असेल तर एक माळ माझ्यासाठीही मागवाल का? पैसे देईन, आणि बदल्यात घरची चटणी पाठवीन, गेल्या उन्हाळ्यातली अजून बरणीत आहे.