जॉर्ज इनचा फोटो: पब सरळ करायचा तरी किती?

क्रॉयडनकर:
मंडळी, लंडनमधल्या जुन्या पबांचे फोटो काढायचा नाद लागलाय. सदर्कच्या जॉर्ज इनपाशी गाडं अडलंय. १६७६ च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी पुन्हा उभी राहिलेली इमारत, पुढे लाकडी गॅलऱ्या. पबपुढच्या बंदिस्त चौकात मागे सरकायला जागा नाही, म्हणून १६ एमएमच्या वाइड लेन्सने कॅमेरा वर करून घेतला, तर पब मागे रेलल्यासारखा दिसतो. लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं, तिरप्या रेषा आपोआप सरळ करणारं 'ऑटो' वापरलं तर गॅलऱ्या आणखीच तिरपागड्या, उभ्या-आडव्या दोन्ही सरळ करणाऱ्या 'फुल'ने सगळंच ताणलं जातं. कॅमेरा न कलवता फ्रेम वर सरकवणारी शिफ्ट लेन्स बजेटबाहेर. काय करू?

जुना ट्रायपॉड:
ऑटो बिचारं लांब रेषा शोधतं आणि त्या सरळच असणार असं धरून चालतं. इथे साडेतीनशे वर्षांचं लाकूड आहे, कठडे मधे बसलेत. तो बाक पबचा, तो राहू द्या. कॅमेऱ्याने घातलेला तेवढाच काढायचा.

'गाइडेड' घ्या, म्हणजे काय सरळ हवं ते आपणच रेषा मारून सांगायचं, पण रेषा पबवर मारू नका. या चौकाच्या बाकीच्या बाजू रेल्वे कंपनीने १८८९ मध्ये पाडल्या. आता तिथे नव्या इमारती आहेत, त्यांचा निदान एवढा तरी उपयोग होऊ दे: त्यांचे कोपरे धरा. फ्रेममध्ये जवळचा शार्ड हा काचेचा टॉवर डोकावत असेल तर त्याची कड चुकूनही धरू नका. तो मुळातच वर निमुळता होत जातो, ती कड उभी केलीत की पब भलतीकडेच कलंडेल. आणि हे सगळं लेन्स प्रोफाइल, म्हणजे त्या लेन्सचा फुगवटा काढणारी दुरुस्ती, लावल्यावर. नाहीतर वाइडच्या फुगवट्याने रेषाच वाकड्या, त्यावर काय मापणार?

शेवटी उभा स्लायडर किंचित मागे घ्या. अगदी काटकोनात बसवलेली उंच इमारत वरच्या बाजूला जड दिसते, हे माझं मत. वास्तुरचनाकारांना पटत नाही, न पटो.

मीटरभर:
काढतानाच सोडवा की. कॅमेरा उभा धरा, लेव्हल बघून अजिबात वर करू नका. खालची अर्धी फ्रेम नुसती फरशी येईल, ती कापून टाका. शिफ्ट लेन्सही हेच करते, फक्त पिक्सेल वाया जात नाहीत.

क्रॉयडनकर:
फरशी कुठली, बाकं आणि बिअर पिणारी माणसं! पण कापायचीच आहेत म्हणा. ब्लॅकफ्रायर्सजवळच्या ब्लॅक फ्रायरलाही हेच चालेल? तो तर पाचरीसारखा आहे.

जुना ट्रायपॉड:
चालेल, फक्त उभ्याच रेषा सरळ करा. आडव्या दोन्हीकडे पळत जाऊ देत, पाचर त्यांच्यामुळेच कळते. तिथे 'फुल' नको.

हळदीकुंकू:
आणि इंग्लंडमधल्या हिमली गावचं क्रुकेड हाउस असतं तर? खाणीमुळे एक बाजू खचलेला पब. २०२३ मध्ये जळला आणि दोन दिवसांत पाडला, नाहीतर तुमच्या गाइडेडची परीक्षाच होती.

जुना ट्रायपॉड:
तिथे सरळ गवंड्याचा ओळंबा न्यायचा. ट्रायपॉड हलवायचा नाही. फ्रेमच्या दोन्ही कडांना, भिंतीपाशी ओळंबा धरून एक फोटो, मग तो बाजूला करून खरा फोटो. पहिल्यात दोऱ्यांवर रेषा मारायच्या आणि ट्रान्सफॉर्मची (रेषा सरळ करायची) सेटिंग दुसऱ्यावर पेस्ट करायची. जॉर्जलाही करता येईल, पण ट्रायपॉड लावण्याआधी काउंटरवर विचारा.