ऑडिटची फाइल: फक्त ‘थकबाकी’ हा शब्द लाल कसा करायचा?

खजिनदार (सी-१०३): नमस्कार मंडळी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि ऑडिटरसाहेबांची नवी मागणी आली आहे. शेरा कॉलममध्ये जिथे जिथे ‘थकबाकी’ लिहिलंय तो शब्द लाल करून द्या म्हणाले. एप्रिल ते मार्च बारा शीट, प्रत्येकीत ८४ फ्लॅट. एक्सेल येणारं कुणी आहे का?

डी-३०२: सोपं आहे काका. कंट्रोल एच दाबा, ऑप्शन्स उघडा, ‘विदिन’समोर शीटऐवजी वर्कबुक निवडा. वर-खाली दोन्हीकडे ‘थकबाकी’च लिहा, खालच्या फॉरमॅटमध्ये फॉन्ट लाल करा आणि रिप्लेस ऑल. बाराही शीट एकदम होतील.

खजिनदार: झालं! फोटो टाकतोय.

बी-५०१: हे काय चाललंय? माझ्या फ्लॅटसमोर अख्खी ओळ लाल?? मी वर्षाचा मेंटेनन्स एप्रिलमध्येच भरतो. पावती आहे माझ्याकडे.

खजिनदार: अहो साहेब, तुमच्यासमोर ‘थकबाकी नाही’ असंच लिहिलंय. रागावू नका.

बी-५०१: लिहिलंय काय ते कोण वाचतो, लाल तेवढं सगळ्यांना दिसतं. आधी फोटो डिलीट करा.

ए-२०४: काका, फोटो खरंच काढा. रिप्लेसमधून रंग दिला की तो पूर्ण सेलला लागतो, सेलमधल्या एका शब्दाला नाही. ‘ऑगस्टची थकबाकी मिळाली, पावती ११४’ हेसुद्धा सगळं लाल झालं असणार. शब्दापुरता रंग हवा तर मॅक्रोच लागेल, म्हणजे एक्सेलकडून काम आपोआप करून घेणारा छोटा कोड. ऑफिसात मी हेच काम करते, रात्री लिहून देते.

बी-१०२ काकू: मॅक्रो म्हणजे तो व्हायरस ना गं? आमच्या बँकेत उघडू नका म्हणायचे.

ए-२०४: अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल असेल तर उघडूच नका काकू. म्हणून तर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपोआप बंद ठेवलेत. मी एक्सेलची फाइल पाठवणारच नाही, कोड साध्या टेक्स्ट फाइलमध्ये देईन. काका तो स्वतःच्या फाइलमध्ये चिकटवतील. मेसेजमध्येही टाकत नाही, कारण काही फोन सरळ अवतरणचिन्हं गोल करून टाकतात आणि मग एडिटर अडून बसतो.

सेक्रेटरी: टँकर उद्या सकाळी ७ वाजता येईल. ‘ए’ विंगने गाड्या गेटपासून लांब लावाव्यात.

खजिनदार: ताई, तो शब्द लाल कसा होतो नेमका? ऑडिटरने विचारलं तर सांगता यायला हवं.

ए-२०४: मॅक्रो एकेक शीट घेतो आणि शेरा कॉलममध्ये शेवटच्या भरलेल्या ओळीपर्यंत खाली जातो. प्रत्येक सेलमध्ये ‘इनस्ट्र’ने बघतो, शब्द कितव्या अक्षरापासून सुरू होतो. सापडला की तिथून शब्दाच्या लांबीएवढी अक्षरं ‘कॅरेक्टर्स’ने धरतो आणि तेवढ्यांचाच फॉन्ट रंगवतो. मग त्याच सेलमध्ये पुढे अजून कुठे तो शब्द आहे का ते पाहतो. अख्खी शीट तपासायला लावलेली नाही, कारण कुणी बॉर्डर तळापर्यंत ओढून ठेवली असेल तर तो १०,४८,५७६ ओळी चाळत बसेल.

खरी कटकट मराठीची आहे. मॅक्रोच्या एडिटरमध्ये ‘थकबाकी’ टाइप केलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, त्याला देवनागरी झेपत नाही. एकेका अक्षराचा युनिकोड नंबर देता येतो, ‘थ’चा २३४१, ‘क’चा २३२५, पण ते कोण लिहीत बसणार? त्यापेक्षा ‘यादी’ नावाची एक जादा शीट करा. पहिल्या कॉलममध्ये शोधायचे शब्द एकाखाली एक लिहा आणि तिथेच त्यांना हवा तो रंग द्या. मॅक्रो शब्दही तिथून उचलतो आणि रंगही. ‘यादी’ शीट स्वतः मात्र तो वगळतो.

डी-३०२: हे भारी आहे. पण ‘थकबाकी नाही’चं काय?

ए-२०४: यादीत क्रम महत्त्वाचा. आधी ‘थकबाकी’ लाल, त्याच्या खाली ‘थकबाकी नाही’ आणि ‘थकबाकी मिळाली’ काळ्या रंगात. आधी लाल होतं, मग वरून काळं फिरतं. उलट क्रम लावलात तर ५०१ वाले काका पुन्हा लाल.

बी-५०१: धन्यवाद. कुणाच्या तरी लक्षात आलं.

ए-२०४: आणि काका, तुमच्या शीटमध्ये ‘थकबाकी’, ‘थकबाकि’, ‘थकीत’ असं तिन्ही आहे. तिन्ही यादीत टाका, मॅक्रोला शुद्धलेखन कळत नाही. सुरुवातीलाच फाइलची प्रत काढून ठेवा. मॅक्रो एकदा चालला की कंट्रोल झेड उपयोगाचं नाही.

खजिनदार: आल्ट एफ११ दाबतोय तर लॅपटॉपचा आवाज वाढतोय.

ए-२०४: 😄 एफएन पण धरा. मग इन्सर्ट, मॉड्यूल, पेस्ट, एफ५.

खजिनदार: अकरा शीट मस्त झाल्या! मार्चला ‘रनटाइम एरर १००४’ म्हणतोय.

ए-२०४: ती शीट प्रोटेक्ट केलेली असणार. रिव्ह्यूमध्ये अनप्रोटेक्ट करून पुन्हा चालवा. झालेल्या शीटवर परत फिरला तरी बिघडत नाही.

खजिनदार: पासवर्ड मागतोय. तो आधीच्या कमिटीने टाकलाय. फोन करतो.

डी-३०२: तोवर एक सांगू? शेऱ्यातल्या शब्दाचा रंग ऑडिटरच्या डोळ्यांसाठी ठीक आहे, पण आपण त्यावर विसंबू नये. उद्या एखाद्याने पैसे भरले तरी शब्द लालच राहणार, कोणीतरी शेरा बदलून मॅक्रो पुन्हा चालवेपर्यंत. एक्सेलच्या सूत्रांना रंग दिसत नाही, त्यामुळे लाल फ्लॅटची बेरीज मागितली तर मिळणार नाही. बाकी रकमेच्या कॉलमला कंडिशनल फॉरमॅटिंग लावा, शून्याहून जास्त असेल तर लाल. पैसे जमा केले की रंग आपोआप जातो.

ए-२०४: शंभर टक्के. त्या कॉलममध्ये सूत्रं आहेत, तिथे मॅक्रोनेही अर्धा मजकूर रंगवता येत नाही. म्हणून सूत्राचे सेल मी मुद्दाम सोडून दिलेत.

सेक्रेटरी: थकबाकीची यादी, लाल असो की काळी, यापुढे ग्रुपवर येणार नाही. बघायची असेल त्यांनी सोसायटी ऑफिसात यावं.

खजिनदार: पासवर्ड मिळाला, मार्चही झाला. आता ऑडिटरला पाठवू का?

ए-२०४: आधी मॅक्रोवाली एक्सएलएसएम प्रत पुढच्या वर्षासाठी तुमच्याकडे सेव्ह करून ठेवा. मग ‘यादी’ शीट उडवा. मग सेव्ह ॲज करून साधी एक्सएलएसएक्स निवडा. कोड जाईल असं विचारेल, यस म्हणा, रंग तसेच राहतात.

खजिनदार: पाठवली. ५०१, तुमच्या ओळीचा फोटो तुम्हाला वेगळा टाकलाय.

बी-५०१: पाहिला. पण नोव्हेंबरमध्ये माझ्या नावापुढे पार्किंगचे ₹५०० जास्त का दिसतायत?