परदेशात जाणारं औषध आणि आपल्या मेडिकलमधलं औषध एकाच दर्जाचं असतं का?

पालशेतची सून:
नमस्कार. आम्ही गुहागरजवळ पालशेतला राहतो. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, तेव्हापासून अॅस्पिरिनची 75 ची गोळी रोज चालू आहे. दर रविवारी त्या आठवड्याच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरतात आणि डबी चुलीजवळच्या फडताळात ठेवतात. परवा डबी उघडली तर आंबूस वास आला, व्हिनेगरसारखा. दोन गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

माझे दीर लोट्याला, म्हणजे खेडजवळच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या कंपनीत आहेत. ते म्हणाले, "वहिनी, चांगला माल सगळा बाहेर जातो, आपल्याकडे उरलेला येतो." तेव्हापासून चैन नाही. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधाने मुलं गेली, ती बातमी डोक्यातून जात नाही. घरात चार वर्षांचा मुलगा आहे. हे खरं आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

परशुराम घाट:
ताई, लोट्याच्या एका कारखान्यात मी 27 वर्षं क्यूसीत, म्हणजे मालाच्या दर्जाच्या तपासणीत काढली. आता घरी असतो.

आधी सासूबाईंच्या गोळ्यांचं. ओल लागली की अॅस्पिरिन फुटतं. त्याचं सॅलिसिलिक आम्ल आणि अॅसेटिक आम्ल होतं. अॅसेटिक आम्ल म्हणजेच व्हिनेगर, तोच वास तुम्हाला आला. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस 85 टक्क्यांच्या वर असते, त्यात चुलीची वाफ. डबीतल्या गोळ्या टाकून द्या, आणि आजच नवी स्ट्रिप आणा. औषधात खंड मात्र पडू देऊ नका. एक बंद स्ट्रिप फोडून वास घेऊन बघा. तिलाही वास असेल तर गोष्ट वेगळी.

आता दिरांचं म्हणणं. लोट्याच्या औषध कारखान्यांत मुख्यतः बल्क ड्रग होतं, म्हणजे गोळीत घालायचं मूळ औषध. त्याच रिअॅक्टरमधून निघालेली पावडर बाहेरही जाते आणि इथेही. इथे इंडियन फार्माकोपिया लागू, म्हणजे औषधाचा दर्जा ठरवणारं आपलं मानक. तो गाझियाबादचा आयोग काढतो, आणि अफगाणिस्तान, घाना, नेपाळ अशा देशांनीही त्याला मान्यता दिली आहे. आमचं मानक हलकं आहे म्हणून उरलेला माल इकडे येतो, असं मी 27 वर्षांत पाहिलं नाही.

फरक पाहिला तो तपासणीत. एकदा परदेशी तपासनीस आला, त्याने आमचा अहवाल बाजूला ठेवला आणि तराजूतून निघालेल्या छापील चिठ्ठ्या मागितल्या. कोणत्या मिनिटाला वजन केलं, सही कोणी केली, आणि तो माणूस त्या दिवशी हजर होता का, हे हजेरीपटाशी ताडून पाहिलं. दोन दिवस आमच्यापैकी कुणाच्या पोटात घास गेला नाही. पण त्या वर्षापासून आमच्या नोंदी खऱ्या अर्थाने नोंदी झाल्या, आणि त्याच प्रयोगशाळेतून देशातलाही माल तपासून जात होता. त्या माणसाचा फायदा खेडच्या आजारी माणसालाही झाला, असं मी मानतो.

जिथे असं कुणी जात नाही तिथे काय होतं? 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण गेले. ग्लिसरीन औद्योगिक होतं, त्यात डायइथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन होतं. न्या. लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. मी तेव्हा नोकरीला नवा होतो, आमच्या साहेबांनी ती बातमी कापून भिंतीवर लावली होती. 2022 मध्ये गांबियात सुमारे 70 मुलं गेली, आपल्या देशात बनलेल्या सिरपमध्ये विष तेच. त्या देशाकडे औषध तपासायला स्वतःची प्रयोगशाळाही नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला तेव्हा जगाला कळलं, आणि 1 जून 2023 पासून आपल्या सरकारने निर्यातीच्या खोकल्याच्या औषधाला आधी सरकारमान्य प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची केली. माझा जीव जळतो तो पुढच्या गोष्टीसाठी. 2025 मध्ये छिंदवाड्याची मुलं आपल्याच देशात गेली. बंदरावरच्या बाटलीला जी चाचणी, ती गावातल्या बाटलीला का नको? तुमच्या दिरांचा राग चुकीच्या जागी आहे, पण तो विनाकारण नाही.

मुलाला खोकल्याचं औषध स्वतःहून आणून देऊ नका. लहान मुलांचा बहुतेक खोकला त्याशिवायच जातो. डॉक्टरांना दाखवा.

देवरुखकर:
काका, सगळं पटलं. पण शंका आली तर साध्या माणसाने नमुना न्यायचा कुठे? तालुक्याला विचारलं तर कुणाला माहीत नसतं.

परशुराम घाट:
औषध कायदा 1940 चा आहे, त्याचं कलम 26 वाचा. विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देण्याचा हक्क कुणालाही आहे, आणि अहवाल मिळण्याचाही. अर्ज जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारा. बिल आणि सीलबंद पॅक हवा, डबीतली सुटी गोळी चालणार नाही. औषधाचा त्रास झाला असेल तर 1800-180-3024 हा फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्यांचा नंबर आहे.

राजापूरचा मेडिकलवाला:
दुकानदार म्हणून माझ्या बाजूने एक सांगतो. लोक चार गोळ्या कापून मागतात, आम्ही देतो. कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरी बऱ्याचदा उरलेल्या तुकड्यावर राहते. उद्या कंपनीने ती बॅच परत मागवली तर तुमच्या घरातल्या चार गोळ्या कुणाला सापडणार? पूर्ण स्ट्रिप घ्या, बिल घ्या, बिलावर बॅच असतो. मे महिन्यात लाईट गेली की माझ्या दुकानात 36 अंश होतात. इन्सुलिनचा फ्रिज इन्व्हर्टरवर टाकलाय, बाकी कपाटांना पंखा एवढाच. होलसेलरचा माल उन्हात टेम्पोतून येतो त्यावर माझा हात चालत नाही, पण पेटी गरम लागली तर मी परत पाठवतो.

पालशेतची सून:
काका, आपले फार आभार. काल दोन बंद स्ट्रिप उघडून पाहिल्या, एकीलाही वास नाही, गोळ्या कोरड्या, पांढऱ्याशुभ्र. डबी बंद केली. आता स्ट्रिप आतल्या खोलीत लोखंडी कपाटात असते आणि सासूबाई रोज सकाळी एकच गोळी फोडतात. त्यांना ते अजून पटलेलं नाही, रविवारी हात डबीकडे जातोच. दिरांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ते म्हणाले, ती चिठ्ठ्यांची गोष्ट आमच्याकडेही झाली होती.