घरातला दुसरा टीव्ही: कसा निवडलात आणि घरी आणल्यावर काय झालं?

सासूबाईंचं वय ८१. हॉलमधला टीव्ही मुलांनी बळकावलेला, आणि यांना संध्याकाळी सातच्या बातम्या चुकवायच्या नसतात. रोजची कुरबुर नको म्हणून मागच्या खोलीत एक लहान टीव्ही लावायचं ठरलंय. खोली दहा बाय नऊ, बजेट पंधरा हजारांच्या आत. इंदूरच्या महाराणी रोडला दोन दुकानं पाहिली, दोन्हीकडे एकच पालुपद: "मॅडम, तैंतालीस इंच ही ले जाओ." दुकानाच्या झगमगाटात सगळेच टीव्ही देखणे दिसतात. आई-वडिलांच्या खोलीत, स्वयंपाकघरात, माडीवर, तुम्ही कुठेही दुसरा टीव्ही घेतला असेल तर लिहा. कंपन्यांची यादी नको, अनुभव हवेत.
– सुदामानगरची सून

रामबागेतून
बाबांच्या खोलीसाठी सेलमध्ये ३२ इंची स्मार्ट टीव्ही मागवला. चित्र उत्तम. पण चालू केला की आधी ॲपांचा बाजार समोर येतो, चॅनल नाही. बाबांना हवं फक्त सह्याद्री आणि क्रिकेट. चुकून एक बटण दाबलं गेलं की भलताच सिनेमा सुरू, आणि मग "अरे ए, इकडे ये" अशी हाक. पहिल्या महिन्यात मी दिवसाला पाच वेळा जिना उतरलोय. त्यात रॅम १ जीबी, म्हणजे बटण दाबल्यावर टीव्ही विचार करून मग हलायचा. बाबा तेवढ्यात आणखी तीनदा दाबायचे.
शेवटी तीन गोष्टी केल्या. सेटिंगमध्ये शोधून टीव्ही चालू झाल्यावर थेट सेट-टॉप बॉक्सचं एचडीएमआय लागेल असं केलं (सगळ्यांत ही सोय नसते, घेण्याआधी दुकानात करून दाखवायला सांगा). डिशच्या रिमोटला टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज शिकवला. बऱ्याच रिमोटवर त्यासाठी वेगळी बटणं असतात. आणि टीव्हीचा मूळ रिमोट कपाटात ठेवून दिला. आता एकच रिमोट, हाका बंद.
आणखी एक. आपल्याकडे डीटीएचचा नेहमीचा पॅक हिंदी असतो, मराठी वाहिन्या वेगळ्या घ्याव्या लागतात. दुसरं कनेक्शन घेताना ते आधीच सांगा.

पलसीकर कॉलनी
आमची फजिती वाचून हसा. जुन्या घरात एक कोनाडा आहे, बरोबर २८ इंच रुंद. नवऱ्याने हिशेब केला: ३२ इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप, तेव्हा रुंदी २८च्या आत बसेल. काच जवळपास २८ भरते, हे खरं. पण तिच्या भोवती चौकट असते हो! अर्ध्या इंचासाठी टीव्ही महिनाभर खोक्यात. शेवटी कोनाड्यात गणपती बसले आणि टीव्ही बाजूच्या भिंतीवर. खोक्यावर किंवा वेबसाइटवर रुंदी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते, तीच बघा.

तिलकनगर, ओट्याजवळून
स्वयंपाकघरात २४ इंची लावलाय. समोरून सुरेख, पण ओट्यापाशी उभं राहून बाजूने पाहिलं की माणसं राखेत लोळल्यासारखी फिकट दिसतात. काही पॅनल, म्हणजे पडदे, बाजूने असेच दिसतात. दुकानात समोर उभं राहू नका, तिरकं उभं राहून बघा. फोडणीचा चिकटा पडद्यावर बसतो तो वेगळाच. कोरड्या मऊ कापडाने पुसा, काच पुसायचा स्प्रे मारू नका.

जुना खोका
नवीन कशाला? माळ्यावरचा जुना एलईडी काढला, त्याला इंटरनेटवरचं दाखवणारी स्टिक लावली, झालं. फक्त स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून दिली तर ती मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायची. जुन्या यूएसबीत तेवढा जोर नसतो. सोबत मिळालेला अडॅप्टर भिंतीच्या प्लगला लावला, तेव्हापासून तक्रार नाही.

राजेंद्रनगर
स्वस्तात अनोळखी कंपनीचा घेतला होता. वॉरंटी एक वर्षाची, पॅनल गेलं चौदाव्या महिन्यात. पॅनलचा खर्च ऐकला आणि नवीन टीव्हीच घेतला. इंदूरात दुरुस्तीला माणूस आहे का, हे आधी विचारा. बाकी काही नाही.

वैशालीनगर
जीएसटी कमी झालाय, ४३ इंचीच घ्या. आणि ५ गिगाहर्ट्झ वायफाय नसेल तर हात लावू नका.

रामबागेतून
वैशालीनगरकर, २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांचा १८ झाला तो ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवर. ३२ आणि त्याखालचे आधीपासूनच १८त होते. ताईंना त्यातून काही सुटणार नाही. वायफायचं तर उलटच आहे: मागच्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, २.४ गिगाहर्ट्झच जास्त नीट पोचतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीला लवकर थकतं.

लोकमान्यनगर
माडीवरच्या खोलीत दूरदर्शनची फ्री डिश लावलीय. एकदाच डिश आणि बॉक्सचा खर्च, महिन्याची कटकट नाही, सह्याद्री येतं. खासगी वाहिन्यांच्या सगळ्याच मराठी मालिका हव्या असतील तर मात्र तिथे भागत नाही.

सुदामानगरची सून
घेतला! ३२ इंची, साधा एचडी रेडी (फुल एचडीपेक्षा चित्रात बारकावा कमी). दहा फुटांच्या खोलीत पलंगावरून त्यांना फुल एचडीतला फरक दिसणार नाही, असं मी ठरवून टाकलं. मात्र हेडफोनची गोल खाच आहे का ते हट्टाने पाहिलं, कारण त्यांना कमी ऐकू येतं आणि रात्री आमच्या खोलीत सगळं ऐकू येतं.
एक चूक होता होता वाचली. बसवायला आलेला मुलगा स्वतः उभा राहून भिंतीवर खूण करू लागला. म्हटलं, बाळा, बघणारी आडवी असते. त्याला पलंगावर झोपायला लावलं, तेव्हा खूण दीड फूट खाली आली.
आता सासूबाईंची एकच मागणी आहे, रिमोटला प्लास्टिकचं कव्हर. हळदीकुंकवाचा हात लागतो म्हणे. जेल रोडला या मापाचं मिळालं नाही. कुणाला माहीत आहे का?

पलसीकर कॉलनी
दुधाची पिशवी धुऊन, वर रबरबँड. आमच्याकडे दहा वर्षं चाललंय.