मदत हवी आहे: गरोदरपणात नोकरी नेमकी कधी थांबवावी? (एरंडोल–जळगाव रोजचं जाणं-येणं)

गिरणाकाठ (धागा सुरू करणारी)

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहिते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सल्ला देणार.

वय २९, सासर एरंडोल, पहिलंच बाळ. जळगावच्या एमआयडीसीत एका दाल मिलमध्ये पाच वर्षांपासून हिशेबाचं काम बघते. टॅली, जीएसटी, आडत्यांची बिलं, शनिवारी हमालांचा पगार. सोनोग्राफीवरून तारीख १८ जून दिली आहे. या गुरुवारी बावीस आठवडे पूर्ण झाले. बीपी ११०/७०, बाळाची वाढ चांगली, फक्त हिमोग्लोबिन ९.८ आहे, त्याच्या गोळ्या सुरू आहेत.

डॉक्टरबाईंना विचारलं, काम कधी थांबवू? म्हणाल्या, "सगळं नीट असेल तर नववा लागेपर्यंत कर, त्रास झाला तर आधी थांब." बाहेर पंधरा-वीस जणी बसलेल्या, त्यामुळे पुढे विचारायचं राहूनच गेलं. त्रास म्हणजे किती त्रास? पाय तर आत्ताच संध्याकाळी दुखतात.

माझा दिवस असा जातो. पावणेआठला घर सोडते, एसटीने जळगावचं बसस्थानक, तिथून रिक्षाने अजिंठा चौफुलीच्या पुढे. अर्ध्या तिकिटामुळे आम्ही बायका बसने जास्त जातो, ते चांगलंच आहे, पण जागा मिळेलच असं नसतं. पोट अजून फारसं दिसत नाही, म्हणून कुणी उठत नाही आणि मला मागायला संकोच वाटतो. परवा पाळधीपर्यंत उभीच होते. गतिरोधकावर गाडी आपटली आणि माझा हात आपोआप पोटावर गेला. ते बघून एक कॉलेजची मुलगी पटकन उठली. संध्याकाळी घरी यायला पावणेआठ.

ऑफिसात खुर्चीवरचंच काम आहे, पण मशीन बाजूलाच. तुरीचा सीझन सुरू आहे, मिल दोन पाळ्यांत चालते. सकाळी कीबोर्ड पुसला तरी दुपारी जेवून येईपर्यंत त्यावर पिवळसर भुकटी बसलेली असते, बोट फिरवलं की रेघ उठते. ती नाकात जाते, खोकला येतो. शिवाय गाडी आली की वजनाची पावती तपासायला काट्यावर जायचं, दिवसातून आठ-दहा वेळा. आणि मार्चअखेर तोंडावर आहे.

आता खरी अडचण. रजा २६ आठवड्यांची असते आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, एवढं मला माहीत आहे. मी कॅलेंडर घेऊन बसले. २३ एप्रिलपासून रजा घेतली तर २२ ऑक्टोबरला कामावर हजर व्हायचं, तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं. ४ जूनपर्यंत रेटलं तर ३ डिसेंबरला, बाळ साडेपाच महिन्यांचं. सहा महिने फक्त आईचं दूध, हे तर दवाखान्याच्या भिंतीवरच लिहिलं आहे. म्हणजे आधी मी जितके आठवडे पाय पसरून बसेन, तितके बाळाचे कमी होणार. हा हिशेब रोज बसमध्ये करते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

घरात प्रत्येकाचं वेगळं. आई शिरपूरला. तिचं एकच, "आखाजीले ये, मंग जावू नको माय." यंदा आखाजी (अक्षय्य तृतीया) १९ एप्रिलला आहे, म्हणजे तिचा हिशेब आणि ८ आठवड्यांचा हिशेब जवळजवळ एकच. सासूबाई माझ्या नवऱ्याच्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत कापूस वेचत होत्या. त्या रागावून बोलत नाहीत, पण सहज म्हणतात, "आमले कोणी सुट्टी दिन्ही व्हती?" आणि मग मला बसणं जड जातं. नवरा म्हणतो तुला वाटेल तसं कर. त्याच्या मनात चांगलंच आहे, पण मला वाटतं कुणीतरी सोबत बसून ठरवावं.

आणि मालक. त्यांना सांगितलं तेव्हा अभिनंदन केलं, पेढे मागवले. रजेचं काढलं तर म्हणाले, "तीन महिने घ्या, पुढचं बघू. कायदा मोठ्या कंपन्यांसाठी असतो." आम्ही ऑफिसात सहा आणि मशीनवरचे धरून तीस-बत्तीस माणसं आहोत. पगार १७,०००.

ज्यांनी नोकरी करत बाळंतपण काढलं आहे, त्यांनी सांगा. तुम्ही कधी थांबलात? आता मागे वळून बघताना ते बरोबर वाटतं का? आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात कुणी प्रवास केला आहे का?

तापीकाठची

ताई, आधी अभिनंदन. मी चोपड्याची, खाजगी शाळेत शिकवते. माझी मुलगी मेच्या शेवटी झाली. मी एप्रिलअखेरपर्यंत शाळेत गेले, पण शाळा सकाळची होती, साडेअकराला घरी. तुझं तसं नाही. पारा ४३-४४ वर जातो तेव्हा दुपारी तीनच्या बसमध्ये बसायची जागा मिळाली तरी पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखं होतं. एकदा मला बसमध्ये अंधारी आली, कंडक्टरने गाडी थांबवून पाणी दिलं. त्यानंतर मी फक्त सकाळीच प्रवास केला.

तू कामाचे आठवडे मोजते आहेस, मी म्हणते प्रवासाचे मोज. तुला थकवतो आहे तो रस्ता. हिशेबाचं काम घरूनही होऊ शकतं की.

ताळेबंद

ताई, मी भुसावळला कर सल्लागाराकडे काम करतो, पगारपत्रकं रोज हाताखालून जातात, म्हणून लिहितो. तुमच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात दिसते का ते आधी बघा. पगार २१,००० पर्यंत आणि माणसं दहा किंवा जास्त, म्हणजे तुम्ही त्यात असायला हव्यात. कामगाराचा वाटा पाऊण टक्का असतो, तुमच्या पगारावर साधारण १२८ रुपये. मालकाचा सव्वातीन टक्के.

कपात होत असेल तर चित्रच बदलतं. २६ आठवड्यांचे पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, ईएसआय देतं, आणि पूर्ण सरासरी पगाराने देतं. अट एवढीच की आधीच्या दोन अंशदान कालावधीत (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. तुमची पाच वर्षं झाली आहेत, तो प्रश्न नाही. मालकांना हे माहीत नसेल किंवा लक्षात आलं नसेल. पुष्कळ ठिकाणी असंच बघतो, माणूस वाईट नसतो, त्याला वाटतं आपल्यालाच सहा महिने फुकट पगार द्यायचा आहे.

ईएसआय नसेल तरी मातृत्व लाभाचा कायदा आहेच (आधी तो १९६१चा वेगळा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आला). २०१७ च्या दुरुस्तीने १२ चे २६ आठवडे झाले. कारखान्यांना तो लागू आहे, मोठी कंपनी असण्याची गरज नाही. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की झालं. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. (तिसऱ्या बाळापासून मात्र १२ आठवडेच.)

अजून एक, जे फार कमी जणींना माहीत असतं. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तर २६ आठवड्यांच्या वर आणखी एक महिना मिळतो. म्हणजे उद्या तब्येतीने लवकर थांबावं लागलं तर सगळेच दिवस बाळाच्या वाट्यातून जातील असं नाही.

सिस्टर_धुळे

प्रसूती विभागात अकरा वर्षं काम करते आहे. तू विचारलंस त्रास म्हणजे किती, त्याचंच उत्तर देते.

संध्याकाळी पाय दुखणं, घोट्याशी थोडी सूज येऊन सकाळी उतरणं, हे बहुतेकींना होतं. पण चेहऱ्यावर किंवा हातावर सूज, अंगठी निघेनाशी होणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, यात त्याच दिवशी बीपी तपासायचं. १४०/९० किंवा वर असेल तर ऑफिस नाही, दवाखाना. रक्त जाणं, पाणी जाणं, ठरावीक वेळाने पोट कडक होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातल्या कशालाही "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही. कामावर असलीस तरी उठून निघायचं. मार्चअखेर असला तरी.

तुझं हिमोग्लोबिन ९.८ म्हणजे पंडुरोग आहे, ११ च्या वर हवं. गोळी चहासोबत किंवा चहानंतर लगेच घेऊ नकोस, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. लिंबू-पाण्याबरोबर घे. बसच्या आधी चहा आणि गोळी एकत्र घेतेस का? आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या जणी तेच करतात आणि मग म्हणतात गोळी लागू पडत नाही. आठव्या महिन्यापर्यंत हे वर आलं नाही तर मी म्हणेन, ८ आठवडे आधीच थांब. बाळंतपणात रक्त जातं, ते सोसायला आधी अंगात हवं.

वारेची (प्लॅसेंटाची) जागा सोनोग्राफीत काय लिहिली आहे तेही बघ. वार खाली असेल तर बसचे धक्के हा विषय डॉक्टरबाईंशी वेगळा बोल.

कळण्याची_भाकरी

मी दोन्ही वेळा नववा लागेपर्यंत गेले आणि मला पश्चात्ताप नाही. घरात बसले असते तर कामं संपली नसती, ऑफिसात निदान खुर्ची होती. हेही लक्षात घे, घरी थांबणं म्हणजे आराम असं आपल्या घरांत नसतं. रजा घेतलीस आणि तीनदा पंगत वाढायची असेल तर मग काय फायदा. रजा घ्यायचीच तर माहेरी जाऊन घे.

अंगणवाडीवाली_यावल

सगळं वाचलं. तुझ्या सासूबाईंबद्दल लिहिते. आमच्या भागात केळीच्या आणि कापसाच्या कामाला जाणाऱ्या बायका अजूनही शेवटपर्यंत जातात. हौसेने नाही, रोज बुडतो म्हणून. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००, एवढाच आधार. त्यांच्यातल्या कुणाला सुट्टी घेतेस का असं विचारलं तर एकही नाही म्हणणार नाही. सासूबाईंना एकदा विचारून बघ, तेव्हा कसं वाटायचं. मी माझ्या सासूला विचारलं होतं. ती रडली होती. त्यानंतर घरात पाण्याचा हंडा मला कुणी उचलू दिला नाही.

गिरणाकाठ

चार दिवसांनी लिहिते आहे, माफ करा. तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलं ते मी नवऱ्याला वाचून दाखवलं, यावलच्या ताईंचं दोनदा.

स्लिप बघितली. १२८ रुपये कापतात! पाच वर्षं दर महिन्याला ती ओळ मीच टाईप करते, सगळ्यांची, आणि एकदाही मनात आलं नाही की हे माझ्याही कामाचं आहे. ताळेबंद दादा, तुमचे आभार कसे मानू. मालकांना कागद दाखवला. ते बराच वेळ वाचत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे हे आपल्याला द्यायचं नाहीये?" मी म्हटलं नाही. म्हणाले, "मग सहा महिने घ्या ना, मी कुठे नाही म्हटलं." पुढच्या आठवड्यात ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन नाव-नोंद आणि कागद विचारून येते.

काट्यावरची फेरी बंद केली, पावत्या आता हमाल मुकादम टेबलावर आणून देतो. टेबल आतल्या खोलीत हलवलं, तिथे भुकटी कमी येते. एक एप्रिलपासून आठवड्याचे तीन दिवस घरून टॅली करायचं कबूल झालं आहे, आणि जळगावला जायच्या दिवशी सकाळी सातची गाडी, दुपारी एकला परत. सिस्टर, चहाचं तुम्ही बरोबर ओळखलं. गोळी आता रात्री जेवणानंतर लिंबू पिळून घेते. वार वरच्या बाजूला आहे, रिपोर्ट काढून बघितला.

सासूबाईंना विचारलं. भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, कळा शेताच्या बांधावर सुरू झाल्या होत्या आणि ओटीत वेचलेला कापूस होता, तो आधी गोणीत रिकामा केला, मग बैलगाडीत बसले. एवढंच बोलल्या. रात्री नवऱ्याला म्हणाल्या, तिले शिरपूरले तूच सोडी ये, बसमा धाडू नको.

तारीख आम्ही दोघांनी बसून ठरवली. ७ मे, म्हणजे सहा आठवडे आधी. २८ व्या आठवड्यात हिमोग्लोबिन परत बघायचं आहे, ते ११ च्या खाली राहिलं तर २३ एप्रिल. आखाजीला माहेरी जाऊन झोका खेळून परत येईन, आईला तसं सांगितलं, ती दोन दिवस बोलणार नाही. ७ मेपासून धरलं तर ५ नोव्हेंबरला कामावर, दिवाळीच्या तोंडावर. बाळ साडेचार महिन्यांचं असेल. उरलेल्या दीड महिन्यासाठी दूध काढून ठेवणं कसं जमवायचं, हे मला अजून कळलेलं नाही. जळगावला दिवसभर काम करून ज्यांनी हे केलं आहे, त्यांनी लिहा. दूध किती वेळ टिकतं, बसमध्ये कशात न्यायचं, ऑफिसात दरवाजा लागणारी खोली नसेल तर काय करायचं, सगळंच.

रजेच्या अर्जाचा मराठी नमुना कुणाकडे असेल तर तोही टाका. सोमवारी द्यायचा आहे.